फळ कोणी सोडायचं?

आशा स्वयंसेविकांचा मोर्चा निघाला की कोणीतरी गीता काढतंच. सेवेत पैशाची भाषा कशाला, कर्म करावं, फळाची अपेक्षा धरू नये. पगारवाढ मागणाऱ्याला साहेब हेच ऐकवतात आणि रात्री अकराला ओटा पुसणाऱ्या सुनेला सासरची माणसं. हा उपदेश नेहमी वरून खाली येतो. कारकुनाने तहसीलदाराला तो केल्याचं कोणी ऐकलं आहे का?

निष्काम कर्माचा बराचसा प्रवास आपल्या ओळखीचा आहे. शंकराचार्यांनी ज्ञान आणि संन्यास वर ठेवले, कर्माला चित्तशुद्धीपुरती जागा दिली. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरीने गीता मराठीत आणली आणि वाट्याला आलेलं काम हीच ईश्वराची पूजा मानली. तिथून थेट मंडालेच्या तुरुंगात यावं, कारण आजचा घोटाळा तिथल्या लिखाणाच्या वाचनात आहे.

टिळकांनी 1910-11 च्या हिवाळ्यात तिथे ‘गीतारहस्य’ लिहिलं. ते छापून आलं 1915 मध्ये. त्यांनी संन्यासाची गीता कर्माची केली, हे सगळे सांगतात. पुढे मात्र ‘म्हणजे निमूट राबा’ असा अर्थ आपणच जोडतो. टिळकांपुढचा मोठा प्रश्न वेगळा होता: ज्याला स्वतःसाठी काही मिळवायचं उरलेलं नाही, त्या ज्ञानी माणसाने तरी काम का करावं? त्यांचं उत्तर, लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाची घडी नीट राहावी म्हणून. जनकाचा दाखला येतो तो राजाचा, त्याच्या नोकराचा नव्हे. शिवाय फळाची आसक्ती सोडणं म्हणजे फळाचा विचारच न करता काम करणं, असं टिळक कुठेही म्हणत नाहीत. खुद्द गीतेत, त्या सुप्रसिद्ध श्लोकाच्या दहाच श्लोक आधी, कृष्ण अर्जुनाला सांगतो की मेलास तर स्वर्ग, जिंकलास तर पृथ्वीचं राज्य. तो श्लोक भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेला दिसत नाही.

आणि टिळकांचं वागणं? 1896 च्या दुष्काळात ‘केसरी’ शेतकऱ्यांना सांगत होता की पीक बुडालं असेल तर दुष्काळाच्या कायद्यानुसार मिळणारी साऱ्याची सवलत मागा, भिऊन गुरं विकून सारा भरू नका. हा माणूस पुढे कष्टकऱ्याला मागणं सोडायला सांगेल? टिळकांच्या सामाजिक मतांचा कैवार मला घ्यायचा नाही. मुलींच्या शिक्षणाबाबत त्यांनी काय लिहिलं ते जगजाहीर आहे. पण जे त्यांनी म्हटलं नाही, ते त्यांच्या नावावर का खपवायचं?

पुढे गांधींचा ‘अनासक्तियोग’ आला, 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं झाली. दोघांनीही फळ सोडण्याची अट आधी स्वतःला लावली. माझ्या मते निष्कामतेची खरी कसोटी इथेच आहे. ती स्वतःपुरती घ्यायची शपथ आहे. दुसऱ्यावर लादली की ती फुकट राबवून घेण्याची सोय होते. घरातही तेच. आईने स्वतः काही मागितलं नाही, तर तो तिचा मोठेपणा. तिने मागूच नये अशी मुलांची अपेक्षा असेल, तर फळाची आशा मुलांनाच आहे.

आणि घराबाहेर? अंगणवाड्या 1975 मध्ये सुरू झाल्या. त्यांतल्या सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या खटल्यात सांगितलं ते 2022 मध्ये. तोवर त्यांना मिळत होतं ते मानधन, आणि गीता.