उरलेला हप्ता

१ मार्च १९७४ ही तारीख आमच्या घरात श्राद्धाच्या तिथीसारखी लक्षात असे. देवराज अर्स यांच्या सरकारने दुरुस्त केलेल्या भूसुधारणा कायद्याने त्या दिवसापासून कुळांच्या वहिवाटीतली जमीन सरकारकडे गेली, आणि ‘फॉर्म नंबर सात’ भरून ती आपल्या नावे करून घेण्याचा हक्क कुळाला मिळाला. बेळगाव तालुक्यातली आमची साडेतीन एकर भातजमीन अशी गेली. आजी विधवा होती. पण नव्या कायद्यात सवलत उरली होती ती सैनिकांना आणि खलाशांना. लँड ट्रिब्युनलपुढे वकिलांना मज्जाव होता, त्यामुळे आजी आणि आमचे कूळ समोरासमोरच उभी राहिली. कूळ म्हणाले, “आक्का, खोटं बोलत न्हाई मी. जमीन तुमची खरी, पण राबलो आम्ही.” आजीला त्यावर बोलता आले नाही.

तिचे दुःख मी लहानपणापासून ऐकत आलो. दुसरी बाजू कळायला बराच काळ गेला. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला तो मुंबई राज्यात राहिला आणि बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. मुंबईच्या कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला आणि तिकडची कुळे मालक झाली. इकडे म्हैसूरचा १९६१ चा कायदा आला खरा, पण कुळाच्या पदरात खरे काही पडले ते १९७४ नंतर. म्हणजे सतरा वर्षांचा फरक. भात तेच, पाऊस तोच, माणसे एकमेकांची सोयरी. त्या सतरा वर्षांचा खंड आमच्या घरी येत राहिला आणि त्यावर माझे वडील शिकले. आजीच्या नुकसानीचा हिशेब आम्ही नेहमी मांडला. हा हिशेब कधी मांडला नाही.

पण मला पडलेला प्रश्न याच्या पुढचा आहे. जमीन नावावर करून दिली की न्याय पुरा होतो का?

जुन्या व्यवस्थेत मालक नुसता खंड घेत नसे. पेरणीला बी देई, आषाढात घरातले दाणे संपले की भात देई, मुलीच्या लग्नाला उचल देई. ते सारे सवाई-दिढीने परत घेई, हेही खरे. ती पिळवणूकच होती. पण अडल्या रात्री ठोठावायला एक दार होते. कायद्याने ते दार बंद केले आणि ते योग्यच केले. मात्र जो जुन्या मालकाला उठवतो त्याने त्याच्या जागेची जबाबदारीही उचलायला हवी.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. पंधरा वर्षे ही जमीन विकता येणार नाही, पण बँकेकडे वा सोसायटीकडे तारण ठेवून कर्ज काढता येईल, अशी तरतूद कायद्यातच होती. लहान शेतकऱ्यांसाठी सत्तरच्या दशकात वेगळ्या विकास यंत्रणा निघाल्या, पुढे एकात्मिक ग्रामीण विकास योजना आली. आमच्या कुळाने त्यातून विहीर मागितली. त्या वर्षी कोटा म्हशींचा होता, म्हणून म्हैस मिळाली. पाणी नव्हते, हिरवा चारा नव्हता. म्हैस आटली आणि कर्ज राहिले. त्याने ती विकून हप्ते फेडले. १९९० साली दहा हजारांपर्यंतची थकबाकी माफ झाली, तेव्हा फेडून मोकळ्या झालेल्या या माणसाला काही मिळाले नाही. ‘माफी’ हा शब्द तेव्हापासून मला खटकतो. माफी अपराधाला असते. वेळेवर न आलेल्या पाण्याचा अपराध कुणाचा?

कागद कानडीत येत. तो बाजारात कानडी सफाईने बोले, पण वाचता येत नसे. मग तो आमच्याच ओसरीवर येई आणि वडील त्याला कागद वाचून दाखवत. एकदा आजी आतून म्हणाली, “मालक झाला, तरी पायरी आमचीच!” वडील म्हणाले, “आई, ही त्याची हार नव्हे. ज्याने कागद धाडला त्याची आहे.”

मदतीची कसोटी मला इथे सापडते. जी घेताना माणसाला वाकावे लागते ती मदत दान असते, आणि दान देणारा हळूहळू नवा मालक होतो. जमीन मिळालेल्या माणसाला बी, पाणी, पत आणि समजेल असा कागद वेळेवर मिळणे हा त्याच न्यायाचा उरलेला हप्ता आहे. कुळाने जमिनीच्या किमतीचे हप्ते सरकारला भरले. सरकारचा हप्ता थकला, त्याची नोटीस कुणी काढली नाही.

२०२० साली कायदा पुन्हा बदलला आणि कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेण्याची वाट मोकळी झाली. त्यानंतर आमच्या कुळाच्या नातवाने त्यातली एक एकर विकली. घरच्या एका कार्यात कुणी म्हणाले, “शेवटी टिकवता नाहीच आली!” खोटे कशाला बोलू, ते वाक्य माझ्याही ओठांवर आले होते. मग आठवले, की गावातला आमचा वाडा आम्ही केव्हाच विकून शहरात फ्लॅट घेतला. आम्हाला कुणी विचारले नव्हते, टिकवता का नाही आला म्हणून. आमची विक्री हा व्यवहार आणि त्याची विक्री ही नालायकी, हा न्याय कुठला?

त्याने हौसेने विकली असेल तर तो त्याचा हक्क आहे. कर्जापायी विकली असेल, तर हरलेला तो एकटा नाही. कुठल्या कारणाने विकली, हे मी त्याला अजून विचारलेले नाही. विचारण्याआधी त्या सतरा वर्षांच्या खंडाविषयी मला काहीतरी बोलावे लागेल.