दुसऱ्याच्या वतीने

मुलाने वकिली पत्करावी की नाही, हा प्रश्न पेडण्यातल्या केरीसारख्या गावात अजूनही उत्पन्नाच्या अंगाने जितका विचारला जातो तितकाच पापपुण्याच्या अंगानेही विचारला जातो, आणि ‘खोट्याचे खरे करण्याचा धंदा’ हा शेरा ओटीवर बसलेला कोणी वडीलधारा मारल्यावाचून राहत नाही. उत्पन्नाचे उत्तर सोपे आहे. बारावीनंतर पाच किंवा पदवीनंतर तीन वर्षे मिरामारला अथवा मडगावला कायद्याच्या महाविद्यालयात काढावीत, महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद घ्यावी, अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे, आणि मग एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीत कूळ-मुंडकारांच्या फायली वाहात बसावे. मोपाच्या विमानतळापासून पेडण्यातील जमिनींचे भाव चढले असल्याने कामाला तोटा नाही; पैसा मात्र उशिरा दिसतो.

बॅरिस्टर ही पदवी आपल्याकडे आता आठवणीपुरतीच उरली आहे. तेरेखोलच्या पलीकडे रेडी, शिरोडा मागे टाकले की वेंगुर्ले लागते. तेथील नाथ पै लंडनहून बॅरिस्टर होऊन आले, १९५७ पासून १९७० पर्यंत राजापूरचे खासदार राहिले, आणि आजही या टापूत त्यांचे नाव त्या उपपदावाचून सहसा घेतले जात नाही. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्याने बॅरिस्टर, वकील, प्लीडर, मुखत्यार हे जुने भेद मोडून अधिवक्त्यांचा एकच वर्ग केला. विलायतेतील त्या जुन्या शिक्षणक्रमात परीक्षेइतकेच महत्त्व संस्थेतील ठरावीक भोजनांना हजर राहण्याला होते. चौघांमागे वाइनच्या दोन बाटल्या मिळत आणि गांधीजी दारूला शिवत नसत, म्हणून त्यांना आपल्या चौकडीत ओढण्यासाठी सहाध्यायी धडपडत, ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. पण त्या परंपरेत एक विचार करण्याजोगी गोष्टही होती: बॅरिस्टरला मिळणारे द्रव्य हे वेतन नव्हे, मानधन समजले जाई, आणि ते बुडाले तर त्यासाठी त्याला दावा लावता येत नसे. आपल्याकडील वाचकाला येथे दक्षिणेची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

ती आठवण वरवरची नाही. यज्ञ करतो ऋत्विज, मंत्र उच्चारतो ऋत्विज, आहुती टाकतो ऋत्विज. तथापि फळ यजमानाचे, असा जैमिनीच्या मीमांसेचा निर्णय आहे. मग दुष्ट कर्माचे काय? शत्रूच्या नाशासाठी करावयाच्या श्येनयागाची चर्चा मीमांसकांनी टाळली नाही. त्या यागात ऋत्विज लाल पागोटी घालून वावरतात, आणि भाष्यकार शबरस्वामी म्हणतो की वेद हिंसा करावयास सांगत नाही, ज्याला ती करावयाची आहे त्याला केवळ साधन सांगतो. काळा झगा घातलेल्या माणसाला हा युक्तिवाद फार सोयीचा वाटेल, आणि म्हणूनच मला तो अपुरा वाटतो. कारण लाल पागोटे घालणाऱ्याला ते घालण्यास नकार देण्याची मुभा होती की नव्हती, या प्रश्नाला त्यात बगल मिळते.

आपल्या धर्मशास्त्राने प्रतिनिधीचा प्रश्न अधिक सावधपणे हाताळला. मुंबई हायकोर्टात वकिली करून धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहिणाऱ्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी त्याची साधने एकत्र केली आहेत. नात्याचा नसताना किंवा नेमलेला नसताना दुसऱ्यासाठी बोलणारा दंडास पात्र, असे नारद म्हणतो. शुक्रनीती तर मोबदलाही ठरवून देते: दाव्याच्या रकमेच्या सोळाव्या हिश्शापासून एकशेसाठाव्या हिश्शापर्यंत, रक्कम वाढेल तसा हिस्सा कमी. मनुष्यवध, चोरी, परस्त्रीगमन अशा घोर आरोपांत मात्र प्रतिनिधी वर्ज्य. तेथे ज्याचे कर्म त्यानेच तोंड उघडावे. इंग्लंडातही, राजद्रोह वगळता, गंभीर गुन्ह्याच्या आरोपीच्या वतीने ज्यूरीपुढे भाषण करण्याची परवानगी वकिलाला १८३६ पर्यंत नव्हती. आज आपल्या राज्यघटनेचे बाविसावे कलम अटकेतील माणसाला नेमका तोच आधार देते जो शास्त्राने त्याला नाकारला होता. शास्त्रकारांची दृष्टी पापावर होती, आणि पाप वाटून घेता येत नाही. घटनाकारांची दृष्टी सरकारच्या बळावर होती. पोर्तुगीज अमदानीत न्यायालयाची भाषाच पोर्तुगीज असल्यामुळे पेडण्याच्या रयतेला, खरे बोलायचे म्हटले तरी, दुसऱ्याच्या जिभेवाचून ते बोलता येत नव्हते. हे ध्यानात घेतले म्हणजे माझा कौल घटनाकारांकडे का जातो ते कळेल.

तरी वडीलधाऱ्यांच्या शेऱ्याला उत्तर मला देवळात सापडते. आमच्याकडे अडचणीतला माणूस देवाशी स्वतः बोलत नाही. नारळ पुढे ठेवून तो हात जोडून उभा राहतो, गाऱ्हाणे मानकरी घालतो, आणि प्रत्येक वाक्यागणिक मंडळी ‘व्हय महाराजा’ म्हणतात. मानकरी ते गाऱ्हाणे खरे असल्याची हमी घेत नाही. ज्याचे आहे त्याचे ते नीट, पूर्ण आणि न घाबरता देवापुढे मांडणे एवढेच त्याच्याकडे असते, आणि निकाल कौलाच्या पाकळीवर. आरोपी दोषी आहे असे स्वतःला वाटले तरी त्याचा बचाव करावा, हा बार कौन्सिलचा नियम याच जातीचा आहे. वकिलाने दुसऱ्याचे म्हणणे मांडण्यात पाप नाही. ‘हे मी स्वतः जाणतो’ अशी हमी देण्यात, किंवा नसलेले म्हणणे पढवण्यात ते सुरू होते.

अडचण येते ती याच्याही पुढे. समजा, एखादा भाटकार खोली बंद करून सांगतो की आपल्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराविरुद्धची पावती बनावट आहे. वकिलाने ती मामलेदारापुढे ठेवू नये, हे उघड आहे. वकीलपत्र परत करावे, हेही ठीक. पण कारण सांगण्याची सक्ती त्याच्यावर नाही: पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले बाहेर न फोडण्याचे कायद्याचे बंधन अशा बेकायदा हेतूने सांगितलेल्या गोष्टीला लागू नसले, तरी ती बाहेर फोडलीच पाहिजे असेही कायदा म्हणत नाही, आणि तो गप्प राहतो. भाटकार तीच पावती घेऊन दुसऱ्या वकिलाकडे जातो, या खेपेला ती बनावट असल्याचे सांगत नाही, आणि तो दुसरा ती निर्मळ मनाने दाखल करतो. पहिल्याने आपले हात स्वच्छ ठेवले, मुंडकाराचे घर मात्र त्याने वाचवले नाही. आणि हे त्याच्याकडून अपेक्षितच नव्हते, असे त्याला सांगणारा नियम मुंडकाराला सांगून पाहावा.