यादीबाहेरच्या ओळी

माझ्या स्वयंपाकघरातल्या फडताळात दोन कागद आहेत. एक आईच्या हातची फराळाची यादी, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहिलेली. वर ‘श्री’, खाली चणाडाळ, बारीक रवा, पातळ पोहे, डाळे, खोबरं, खसखस, आणि शेवटी कंसात ‘वेलदोडे घरात आहेत’. दुसरा कागद गेल्या दिवाळीतलं सुपरमार्केटचं बिल. आईची शाई तीस वर्षांनीही वाचता येते. बिलावरची अक्षरं मात्र वर्षभरातच उडत चालली आहेत. तो कागद उष्णतेनं छापलेला असतो, अजून एखादा उन्हाळा गेला की कोरा होईल. तो कोरा होण्याआधी हा हिशेब मांडावा, म्हणून लिहायला बसले.

त्या दिवशी मीही यादी घेऊनच गेले होते. त्यात तेवीस जिन्नस होते. बिलावर ओळी एकेचाळीस आहेत. म्हणजे अठरा ओळी यादीबाहेरच्या. गुलाबजामच्या तयार पिठाची दोन पाकिटं, कारण दोनावर एक फुकट होतं. सुगंधी मेणबत्त्या. एका तेलाच्या कॅनवर मिळालेली प्लास्टिकची बरणी, जिच्यासाठी मी माझं नेहमीचं तेल सोडून ते तेल घेतलं. भेट द्यायला म्हणून बिस्किटांचे तीन डबे (आमच्या इमारतीत असा डबा चार घरं फिरून मूळ मालकाकडे परत येतो, अशी दंतकथा आहे आणि मी ती खरी मानते). आणि या सगळ्याच्या तळाशी, ठळक अक्षरांत, मी किती रुपये वाचवले त्याचा आकडा. घरी येऊन तो मी नवऱ्याला वाचूनही दाखवला. खर्च किती झाला, ते त्याला विचारावं लागलं.

आता न्यायानं बोलायचं तर तिथला माल स्वस्त होता. चणाडाळ, साखर, रवा या तिन्हींचे भाव मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे विचारून आले होते, तिन्ही त्याच्यापेक्षा कमी होते. डीमार्टचं पहिलं दुकान 2002 मध्ये पवईत उघडलं आणि त्या साखळीनं मध्यमवर्गाला आपलंसं केलं ते काही नुसत्या जाहिरातींच्या जोरावर नाही. जागा शक्यतो भाड्यानं न घेता विकत घ्यायची, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा, दुकानात झगमगाट करायचा नाही, हे साधं व्यापारी शहाणपण आहे. आणि वाण्याचे गोडवे गाण्यात मला रस नाही. डाळीतले खडे, तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच, ‘कालच संपलं हो वहिनी’ म्हणत गळ्यात मारलेला जुना रवा, हे सगळं आमच्या पिढीनं पाहिलेलं आहे. उधारीची वही होती हे खरं, पण त्या उधारीचं व्याज भावातच मिसळलेलं असे, आणि ज्याची वही लांब त्याला बोलायची सोय नसे.

तरीही त्या अठरा ओळींचा प्रश्न उरतोच. जिन्नस स्वस्त आणि बिल मोठं, हे कसं?

माझ्या मते याचं उत्तर भावात शोधून सापडत नाही. ते यादीत आहे, नेमकं सांगायचं तर यादी लिहिण्याचा हक्क कोणाकडे गेला त्यात आहे. वाण्याच्या दुकानात माल फळीच्या पलीकडे असे. यादी घरी, डबे उघडून बघून लिहिली जाई आणि दुकानात जाई. मी डाळीपर्यंत जात नव्हते, डाळ माझ्यापर्यंत येत होती. ही फळी पहिल्यांदा काढली ती अमेरिकेत. मेम्फिस शहरात 1916 मध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसानं ‘पिगली विगली’ हे दुकान उघडलं आणि गिऱ्हाइकाला आत सोडलं. नोकरांचा पगार वाचला, त्यामुळे भाव उतरला. पण गिऱ्हाईक हातात टोपली घेऊन फिरू लागलं, आणि टोपली जड झाली की खरेदी थांबते हे दुकानदारांच्या लक्षात यायला वीसेक वर्षं लागली. 1937 मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या सिल्व्हन गोल्डमननं टोपलीला चाकं लावली. लोकांना ती गाडी ढकलायची लाज वाटे, म्हणून त्यानं पैसे देऊन माणसं नेमली आणि त्यांना दुकानात गाड्या ढकलत फिरवलं. आपल्या हाताला ओझं जाणवणं हा खरेदीवरचा सगळ्यात जुना लगाम होता, तो त्या चाकांनी काढून घेतला. दिवाळीच्या आठवड्यात मी ट्रॉली ढकलते तेव्हा माझी यादी तिच्यातच कुठेतरी रव्याच्या पुड्याखाली दबलेली असते.

पुढची करामत त्या वाचवलेल्या आकड्याची. बचत कशाच्या तुलनेत? छापील किमतीच्या. ती किंमत छापतो उत्पादक, आणि कायदा एवढंच सांगतो की तिच्यापेक्षा जास्त घेऊ नका. ती मुळात किती फुगवलेली असावी यावर बहुतेक वस्तूंच्या बाबतीत कसलाही अटकाव नाही. म्हणजे जी किंमत कोणीच देणार नव्हतं, ती न दिल्याबद्दल माझं अभिनंदन होतं. वाण्यानं कधी पुडीवर लिहून दिलं नाही की ‘यात तुमचे सतरा रुपये वाचले’. लिहिलं असतं तर आपण हसलो असतो.

वजनाचंही तसंच. एक लिटर खाद्यतेल साधारण 910 ग्रॅम भरतं. पूर्वी तेल, बिस्किटं, चहा अशा जिन्नसांची पाकिटं ठरावीक मापांचीच असावीत असं बंधन होतं, ते नियमांच्या 2021 च्या दुरुस्तीनं गेलं. तेव्हापासून तेलाच्या पिशव्या 850, अगदी 800 ग्रॅमच्याही दिसू लागल्या. दिसायला तीच पिशवी, तेच सूर्यफूल. घरी मात्र चकलीचा शेवटचा घाणा तळताना तेल कढईच्या तळाला जातं आणि आपण म्हणतो, यंदा भाजणीनं तेल फार प्यायलं. बंधन काढताना सरकारनं एक सोय दिली, पाकिटावर दर एककाची किंमत छापायची. पण एक किलोच्या आतल्या पाकिटावर ती छापतात दर ग्रॅमला. बदामाचा ग्रॅम एक रुपया अमुक पैसे हे वाचून कोणाच्या डोक्यात दिवा लागतो? आपला हिशेब पावशेराचा. शेर 1956 च्या कायद्यानं गेला, तरी आपण पाव किलोला अजून पावशेरच म्हणतो.

करांबद्दल थोडक्यात. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, आधीच बांधून लेबल लावलेल्या डाळ, तांदूळ, रवा, पोह्यांवर, ब्रँड असो वा नसो, 5 टक्के जीएसटी आहे. तीच डाळ पोत्यातून समोर मोजून दिली तर नाही. 2025 च्या घटस्थापनेला, 22 सप्टेंबरला, नवे दर आले. तूप, सुकामेवा, फरसाण 12 वरून 5 टक्क्यांवर आले, चॉकलेटं नि बिस्किटं 18 वरून 5 वर. चांगलं झालं. फक्त त्यानंतर बिस्किटांचा डबा आणि बांधलेली चणाडाळ करांच्या एकाच पायरीवर बसली, हे गमतीचं आहे.

तयार पिठांवर आणि तयार फराळावर टीका करण्याची एक पद्धत आहे, ती मला मान्य नाही. तांदूळ, डाळी, पोहे, धणे-जिरे वेगवेगळे भाजून, गिरणीत आधी कोणाचं दळण झालंय ते विचारून, चकलीची भाजणी करून आणण्यात आईचे दोन दिवस जात. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत, त्यांचं पाणी रोज बदलावं लागे. त्या दिवसांची किंमत कोणत्याही बिलावर आली नाही, म्हणून घरचा फराळ ‘स्वस्त’ पडे. बचत गटाच्या बायका आज तोच फराळ किलोच्या भावानं विकतात तेव्हा लोक म्हणतात, केवढा महाग! पहिल्यांदाच त्या कामाला भाव लागला, म्हणून महाग.

खरा तोटा मला दिसतो तो पुडीचा. वाण्याकडे वीस रुपयांची खसखस मिळते, दहाची चारोळी मिळते. दिवाळीच्या दोन दिवस आधी बोनस हातात आलेली, किंवा न आलेली, माणसं अशीच खरेदी करतात. सुपरमार्केटच्या फळीवर सगळ्यात लहान पाकीट जेवढं, तेवढी सणाची किमान किंमत. 2022 च्या दिवाळीत राज्य सरकारनं शिधापत्रिकेवर शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ आणि एक लिटर पामतेल द्यायचं ठरवलं, ‘आनंदाचा शिधा’. काही ठिकाणी तो वेळेवर पोचला नाही, कुठे पिशवीत चारऐवजी तीनच जिन्नस निघाले, याची चेष्टाही झाली. पण त्या पिशवीत एक स्पष्ट विधान होतं: सणाचं गोडधोड ही सार्वजनिक बाब आहे. 2025 मध्ये तिजोरीत पैसे नाहीत म्हणून तो शिधा आला नाही, आणि त्यावर फारसा आवाजही उठला नाही.

हा आवाज गेला कुठे, हे मला सतावतं. 1972 मध्ये, दुष्काळाच्या वर्षी, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं मुंबईत महागाईविरोधी महिलांची समिती उभी राहिली आणि हजारो बायका थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. तेल, साखर, रॉकेलच्या भावाचा जाब मंत्र्यांना विचारला गेला. त्याच्या कितीतरी आधी, 1948 मध्ये, नायगावच्या कामगारांनी ‘अपना बाजार’ काढला होता. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारच्या घरांचा संघ करायचा, सगळ्यांची मागणी एकत्र नोंदवायची, माल घाऊक घ्यायचा, घरोघरी वाटून घ्यायचा. पुण्यात भुसार व्यापाऱ्यांचं पूना मर्चंट्स चेंबर दिवाळीत ना नफा ना तोटा तत्त्वावर लाडू-चिवडा विकतं, रांगा लागतात. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: भाव हा अनेकांनी मिळून हाताळायचा प्रश्न होता. सुपरमार्केटनं तो माझ्या एकटीच्या हुशारीचा प्रश्न केला. मी योग्य दिवशी गेले, योग्य कूपन वापरलं, तर मी वाचवलं. नाही वाचलं तर चूक माझी. ट्रॉली घेऊन कोणी मोर्चा काढत नाही.

आणि माझ्या स्वस्ताईच्या दुसऱ्या टोकाचा माणूसही मला ट्रॉलीपाशी दिसत नाही. 14 सप्टेंबर 2024 ला केंद्रानं कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं, शुद्ध तेलावरचं 12.5 वरून 32.5. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यामुळे ऐन फराळाच्या तोंडावर तेल भडकलं. मीही वैतागले. कारण दिलं गेलं सोयाबीन उत्पादकांचं, आणि ते खोटं नव्हतं. हमीभाव क्विंटलला 4892 रुपये असताना सोयाबीन त्याच्या बरंच खाली विकलं जात होतं, आणि विधानसभेची निवडणूकही दारात होती. पण शुल्क वाढूनही लातूरच्या बाजारात त्या हंगामात भाव हमीभावाला पोचला नाही. म्हणजे मी जास्त दिले आणि ते शेतकऱ्यापर्यंत गेले नाहीत. 30 मे 2025 ला कच्च्या तेलावरचं शुल्क पुन्हा निम्मं केलं. त्या वेळी लातूरजवळच्या औशाच्या शेतकऱ्याला काय वाटलं असेल हे मला कोणत्याही बिलावर वाचता येणार नाही. 1972 च्या बायकांना निदान हे माहीत होतं की भाव कोणीतरी ठरवतं आणि त्याला जाऊन विचारता येतं.

या दिवाळीत आमच्या मजल्यावरच्या चार घरांनी मिळून घाऊक बाजारातून साखर, चणाडाळ, पोहे आणि शेंगदाणे आणले. फार क्रांती वगैरे समजू नये. टेम्पोवाल्यानं बचतीतला बराच वाटा खाल्ला. जिन्यात वजनकाटा मांडून वाटणी करताना सांडलेले पोहे कोणाच्या हिशेबात धरायचे यावरून थोडी चिडचिडही झाली. समोरच्या घरात तर चॉकलेटचे डबे सुपरमार्केटमधूनच आले, त्याला मीच सोबत गेले होते. पण चारही याद्या एका कागदावर उतरवताना प्रत्येकीनं आपले डबे उघडून पाहिले, आणि दोघींच्या घरी गेल्या वर्षीच्या गुलाबजामच्या पिठाचं फुकटातलं पाकीट जसंच्या तसं निघालं.

करंज्या करायला बसलो त्या रात्री कळलं, चौघींपैकी एकीनंही खसखस लिहिली नव्हती. नऊ वाजून गेले होते. मी खाली वाण्याकडे गेले. त्यानं शटर अर्धं ओढलं होतं. वीस रुपयांची खसखस मागितली तशी त्यानं वर्तमानपत्राचा तुकडा फाडला, पुडी बांधली, दोरा गुंडाळला, आणि विचारलं, “वहिनी, बाकीची यादी कुठंय यंदा?”