हन्नेचें ताट

नाताळ जवळ आला कीं गांवोगांवच्या आमच्या मंडळ्यांत आनंदाची गडबड सुरू होते. उपासनामंदिर रंगविलें जातें, करंज्या तळल्या जातात, मुलांकडून गीतें बसवून घेतलीं जातात. या आनंदांत उणें काढावें असा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्या सणांत गव्हाणींतील बाळ सर्वांच्या दृष्टीपुढें असतें, त्या सणांत जिच्या घरीं पाळणा हलला नाहीं ती बहीण कोठें बसते, हें आपण कधीं पाहिलें आहे काय?

एका खेड्यांतील मंडळींत आम्हीं तें पाहिलें. उपासना झाल्यावर उपदेशकांनीं आयांना मुलें घेऊन आशीर्वादासाठीं पुढें बोलाविलें. सर्व बायका उठल्या. एक मात्र मागें बसून राहिली. प्रीतिभोजनाचें पीठ पहांटेपासून तिनेंच मळलें होतें. पंगतीच्या वेळीं ती दिसली नाहीं, आणि आम्हींही चौकशी केली नाहीं. त्या चुकीची रुखरुख आम्हांस अजून आहे.

मूल न होणें हा पापाचा दंड आहे काय? कोणी म्हणेल कीं, परमेश्वरानें हन्नेची कूस बंद केली असें १ शमुवेलाच्या पहिल्या अध्यायांत लिहिलें आहे. खरें, पण त्या अध्यायांत तिच्यावर कोणताही दोष ठेविलेला नाहीं. लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायांत तर जखऱ्या व अलीशिबा हीं दोघेंही नीतिमान व निर्दोष म्हटलीं आहेत, आणि तरीही तीं निपुत्रिक होतीं. तेव्हां रिकाम्या पाळण्यावरून पापाचें माप घेणारा मनुष्य शास्त्राच्या पलीकडे जाऊन न्याय करितो.

शरीरविद्याही हेंच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं कळविल्याप्रमाणें जगांतील सुमारें ६ प्रौढांपैकीं १ जणास आयुष्यांत केव्हां तरी ही अडचण येते. कारण पुष्कळदां पुरुषाच्या ठायीं असतें. क्षयासारख्या रोगानेंही स्त्रीच्या गर्भनलिका बंद होतात. म्हणून दोघांनींही वैद्याकडे जावें. पतीची तपासणी तर अधिक सोपी आहे. जो पत्नीला एकटीला मांत्रिकाच्या दारीं पाठवितो व मनांत दुसऱ्या लग्नाचा विचार करितो, त्यानें आपली शपथ आठवावी. तींत मुलांची अट नव्हती.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. विश्वास ठेव म्हणजे तुलाही पुत्र होईल, असें आश्वासन आपण देऊं शकतों काय? हन्नेची गोष्ट सांगतांना आपण शमुवेलाच्या जन्माकडे धांव घेतों. परंतु क्रम पाहा. शिलो येथें वर्षाचा सण होता. पनिन्नेच्या टोमण्यांनीं हन्ना रडली व जेवली नाहीं. एली याजकास ती मद्य प्यालेली वाटली. तिनें देवापुढें मन मोकळें केलें, एलीनें तिची मागणी पूर्ण होवो असें म्हणून तिला शांतीनें निरोप दिला, आणि ती जाऊन जेवली. तिचें मुख पुन्हां उदास राहिलें नाहीं. त्या वेळीं तिला गर्भ राहिलेला नव्हता. शांति आधीं आली, पुत्र मागून आला.

आणि ज्यांना पुत्र मागूनही आला नाहीं त्यांचें काय? यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायांत देव षंढांस आपल्या घरांत पुत्रकन्यांहून उत्तम असें नांव देऊं करितो. प्रेषितांच्या कृत्यांतील हबशी षंढ फिलिप्पाकडून बाप्तिस्मा घेऊन आनंद करीत आपल्या वाटेनें गेला. त्याला संतति झाली असें कोठेंही लिहिलेलें नाहीं. तरी त्याचा आनंद अपुरा नव्हता. म्हणून देवानें जें वचन दिलें नाहीं तें आपण त्याच्या नांवानें देऊं नये.

उपदेशक बंधूंनो, यंदा आशीर्वादासाठीं केवळ आयांना नव्हे, सर्वांस पुढें बोलवा. भगिनींनो, पाळणा कधीं, असें कोणासही विचारूं नका. जी त्या दिवशीं येणार नाहीं तिला अविश्वासी समजूं नका. एलीनें आधीं न्याय केला व मग ऐकलें. आपण आधीं ऐकावें. पंगत बसेल तेव्हां तिचें ताट मांडलें आहे कीं नाहीं तें पाहा. आणि त्या ताटावर कोणी नसेल, तर उठून तिच्या घरीं जा.