मागून घेतलेलं ताक



गेल्या पौर्णिमेला आम्ही दोघं बेळगावहून मोटारसायकलवर गाणगापूरला निघालो. (हट्ट ह्यांचा!) अफझलपूरच्या अलीकडे भर दुपारी चेन तुटली. शेतातल्या घरातून एक आजी आल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, आमचं कन्नड बाजारापुरतं. "ऊटा माड्री" म्हणत ओसरीवर बसवलं. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, ताक. नातू गाडी ढकलत गावात दुरुस्तीला घेऊन गेला.

खरं सांगायचं तर जेवताना मनात हिशोबच चालला होता, किती द्यावेत? निघताना दोनशे रुपये पुढे केले. "रोक्का ब्याड" म्हणाल्या आणि त्यांचा चेहराच उतरला.

दुसऱ्या दिवशी गाणगापुरात मधुकरी. महाराज स्वतः दुपारी भिक्षेला येतात, ही आपली श्रद्धा. दरवर्षी आम्ही झोळी घेतो ती रीत म्हणून. यंदा पहिल्याच दारात उभं राहताना कालची ती नोट आठवली. मठात महाप्रसाद वाढायला आपण सगळे पुढे असतो हो, पण घ्यायला कधी शिकलो?

परतताना आजींकडे गेलो. ह्यांना केळी न्यायची होती, नको म्हटलं. ओसरीवर बसलो आणि ताक मागून घेतलं.