रेघ कोणी ओढावी?

शेताची मेर घालताना शेजारच्याला बोलवावे, हे आमच्या पेडण्यात पोराटोरांनाही कळते. मतदारसंघाची मेर घातली जाते तेव्हा मात्र आपण कुठे असतो, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

2007 च्या निवडणुकीपर्यंत आमच्याकडे मांद्रे, पेडणे आणि धारगळ असे तीन मतदारसंघ होते. धारगळ अनुसूचित जातींसाठी राखीव होता. 2001 च्या जनगणनेवर आधारलेल्या पुनर्रचनेनंतर 2012 मध्ये मांद्रे व पेडणे हे दोनच उरले आणि राखीव जागा पेडण्याला आली. डिचोलीकडे पाळीचे नाव गेले, साखळीचे आले. माणसे जिथल्या तिथेच राहिली. हलली ती रेघ.

रेघेत एवढे काय आहे? समजा, 90 मतदार आहेत आणि प्रत्येकी 30 मतदारांच्या तीन जागा. 50 जण एका पक्षाचे, 40 दुसऱ्याचे. हे 40 जण 13, 13 आणि 14 असे विभागले, तर त्यांच्या पदरी एकही जागा पडत नाही. तेच 16, 16 आणि 8 असे विभागले, तर अल्पमतात असूनही ते दोन जागा जिंकतात. एकही मत न चोरता निकाल फिरतो.

गोव्याने रेघांविनाही एक कौल दिला आहे. 1963 च्या विधानसभेत विलीनीकरणवादी बहुमतात होते. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात मात्र सगळी मते एकाच राशीत मोजली गेली: विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170, विरुद्ध 1,72,191. आमदार निवडताना माणूस एकाच प्रश्नावर मत देत नाही, हे खरेच. तरी आमदारांची बेरीज म्हणजे लोकांची बेरीज नव्हे, हेही त्यातून दिसले. आमच्या मराठी घरांत तो निकाल अनेकांना बोचला. पण तो अन्यायाचा होता असे मी म्हणू शकत नाही. तिथे प्रत्येक मताचे वजन सारखे होते.

मग पेडण्याची एक जागा गेली म्हणून मी तक्रार करावी का? समान लोकसंख्येचे तत्त्व मान्य असेल, तर ते आपल्याला तोट्यात घालते तेव्हाही मान्य असले पाहिजे. तत्त्वाची कसोटी तिथेच लागते.

पण समान आकडा म्हणजे पुरा न्याय नव्हे. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना 2003 मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. पुनर्रचनेचा आधार होती 2001 ची जनगणना. त्यामुळे विधानसभेच्या 40 जागांत त्यांच्यासाठी एकही राखीव झाली नाही. ती वाट मोकळी करणारा कायदा संसदेने संमत केला 2025 मध्ये. इथे कोणी वाकडी रेघ ओढली नव्हती. माणसे डोळ्यांसमोर होती, फक्त वहीत त्यांची नोंद त्या नावाने नव्हती.

म्हणून मला वाटते, नकाशा समोर आला की "आमच्या किती जागा?" हा प्रश्न दुसरा असावा. पहिला असावा, "मोजायचे कोण राहिले?"