संपाचे ओझे कोणावर?



आपल्या रेल्वेच्या गावाला संप हा शब्द नवा नाही. मे १९७४ मध्ये देशभरचे रेल्वे कामगार संपावर गेले होते. त्यानंतर १४ मार्च २०२३ रोजी, ऐन प्रायश्चित्तकाळात, राज्यातील सरकारी कर्मचारी व शिक्षकांनी काम थांबवले. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीस लागलेल्यांचे जुने निवृत्तिवेतन बंद झाले होते. जुन्या योजनेत शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम ठरलेली. तेव्हाच्या नव्या योजनेत पगारातून कपात होती, आणि पुढे हाती किती पडेल ते बाजारावर अवलंबून होते. एकाच शाळेत शिकवणाऱ्या दोघांचे म्हातारपण मात्र वेगळे! या मागणीला लोभ म्हणता येणार नाही.

पण अशा संपाची पहिली झळ मंत्रालयाला लागत नाही. ती लागते पाड्यावरून लेकराला घेऊन सरकारी दवाखान्यात आलेल्या बाईला. भातलावणीला रोजाने जाणाऱ्या त्या बाईला जुने काय, नवे काय, कोणतेच निवृत्तिवेतन नाही.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या श्रमविषयक विश्वपत्रात योग्य मर्यादेतील संप न्याय्य मानला. मात्र समाजाच्या अत्यावश्यक सेवा चालू राहिल्याच पाहिजेत, असेही बजावले.

तो संप २० मार्चला मिटला. आपल्यापुढे प्रश्न उरतो: माझ्या न्यायाची किंमत माझ्याहून गरीब माणूस तर मोजत नाही ना? आणि त्या बाईच्या म्हातारपणासाठी आपण कधी आवाज उठवला आहे का?